शंभर पेशी

जहराच्या इस्पितळात, तळमजल्यावर
मी पांढऱ्या पेशी मोजते.
यंत्र मोजतंच; पण यंत्राला शंका आली
की काच माझ्या भिंगाखाली येते.
जांभळ्या रंगात न्हालेला रक्ताचा पातळ थर,
बोटांखाली पाच कळा, प्रत्येक जातीला एक,
शंभर झाल्या की घंटी.
यासीनचाचांच्या काचेवर परवा
घंटी वाजायला पाऊण तास लागला.
रिकाम्या मैदानात माणसं शोधावीत
तशी मी काच सरकवत राहिले.

दाभोळचे यासीन परकार.
एकवीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला सालमीच्या रस्त्यावर,
आता मानेतल्या गाठींसाठी तिसरं सलाईन.
खोलीतल्या पोरांनी वर्गणी काढून डबी आणली होती,
काळी, सोनेरी अक्षरांची, चौदा दिनारची.
वर चित्र : लाखेचं पॉलिश केलेली अळंबी,
आणि खाली चार भाषांत एकच शब्द.
प्रतिकारशक्ती.
"बाय, खरां सांग, ह्यान काय होतां?"
मी म्हटलं, ठाऊक नाही.
म्हटलं, औषध चालू असताना
डॉक्टरांना विचारल्याशिवाय झाकण उघडू नका.
ते म्हणाले, डॉक्टर पाच मिनिटं भेटतो,
डबी रात्रभर उशाशी असते.

प्रतिकार.
इकाम्यावर रक्तगट असतो,
कफीलचं नाव असतं,
हा शब्द आमच्यापैकी कुणाच्याच कार्डावर नाही.

त्याच आठवड्यात नोंदणीखिडकीवरची मुनीरा
पिशवीभर फगा घेऊन आली.
वाळवंटातली अळंबी : ना देठ, ना छत्री,
मातीनं लडबडलेला बटाटा जणू.
यंदा वस्मात विजा झाल्या, ती म्हणाली,
गडगडाट ऐकला की हा वाळूखाली कूस बदलतो.
जमिनीला केसाएवढी भेग पडते,
ती ज्याला दिसते त्याचा फगा.
तिच्या बापाला दिसते.
कुठे, ते तो बायकोलाही सांगत नाही.
मला आमचा सदूमामा आठवला,
वारुळावरच्या अळंबीची जागा पोटात ठेवून
जो निजधामाला गेला,
आणि दर श्रावणात त्याचे मुलगे
एकमेकांचा पाठलाग करत रान तुडवायचे.

मी फगा सात पाण्यांनी धुतला.
आठव्यातही वाळू.
पेशी इतक्या कमी असताना कच्चं काही चालत नाही,
म्हणून तासभर उकळला,
मग कांदा, लसूण, कढीपत्ता, बरणीतलं तळाचं तिरफळ.
विचारलं मात्र डॉक्टरांना, जिन्यात गाठून.
शिजवलेला ना? मग अन्नच आहे, ते म्हणाले,
आणि दोन-दोन पायऱ्या उतरून गेले.

यासीनचाचांनी तोंडाच्या छाल्यांतून
हळूहळू सगळा डबा संपवला.
शेवटच्या घासाला कर्र वाजलं.
हसले. "कुवेत लागला दाताक."

पुढच्या गुरुवारी
त्यांची घंटी चार मिनिटांत वाजली.
मला कारण माहीत आहे.
पोटाच्या कातडीखाली पाच दिवस रोज एक सुई,
हाडांच्या मगजाला हाका मारणारी.
मी त्यांना तसं सांगितलंही, फाईल उघडून, तारखांसकट.
त्यांनी नीट ऐकून घेतलं.
मग म्हणाले, सुई इस्पितळाची.
फगा तू धुतलास.
मुनीरा म्हणते, विजेची करणी.
खोलीतली पोरं म्हणतात, डबी;
तिचं सील अजून तुटलेलं नाही.

मी आकडा लिहिला. आकड्याशेजारी
कारण लिहायची जागा आमच्या कागदावर नसते.

आज सकाळी, दुसऱ्याच कुणाच्या काचेवर,
त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तरच्या मध्ये
एक कोनेदार, चमकता कण दिसला.
नखात राहिला असणार,
हातमोजे घालण्याआधीचा.
पाचांपैकी कुठलीच कळ त्याची नव्हती.
मी थोडा वेळ बघत बसले,
आणि मग न मोजता
पुढे सरकले.